दूरचित्रवाणी संच आणि घराची भिंत

दूरचित्रवाणीचा संच घरी आणणे हे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. दुकानदार तो घरपोच पाठवितो, हमाल पेटी दिवाणखान्यात उभी करून जातात, आणि मग घरातील माणसांपुढे एक प्रश्न येऊन ठाकतो : हा संच भिंतीवर आपणच लावावा, की त्यासाठी कोणी माहीतगार माणूस बोलवावा? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. चार भोके, चार स्क्रू आणि एक लोखंडी चौकट, एवढाच त्याचा पसारा. परंतु ज्या भिंतीत हे चार स्क्रू बसावयाचे ती भिंत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतकी पालटली आहे, की वडिलांचे भिंतीविषयीचे ज्ञान मुलांच्या उपयोगी पडेलच अशी खात्री देता येत नाही. हा पालट एका ठिकाणी पाहावयाचा असेल, तर बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे उपनगर त्यासाठी अगदी योग्य आहे.

व्हाइटफील्ड ही मुळात शेतकऱ्यांची वसाहत. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला येथे सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या संस्थेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाला नाव पडले. त्या काळच्या बंगल्यांच्या भिंती जाडजूड, आणि वर कौलांचे छप्पर. त्यानंतर शंभर वर्षे हे गाव जवळजवळ झोपलेलेच होते. १९९० नंतरच्या दशकात येथे माहिती-तंत्रज्ञानाची मोठी संकुले उभी राहिली, त्यांच्यामागोमाग दहा-दहा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती आल्या, आणि २५ मार्च २०२३ रोजी मेट्रो रेल्वेही येऊन पोचली. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे या इमारतींतून राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे बालपण विटांच्या पक्क्या भिंतींच्या घरांत गेलेले असते. त्या भिंतींत खिळा ठोकला की तो बसे; आजोबांची तसबीर आणि भिंतीवरचे घड्याळ चाळीस-चाळीस वर्षे त्यावर टिकून राही. तोच विश्वास घेऊन ही मंडळी व्हाइटफील्डच्या सदनिकेतील भिंतीपुढे उभी राहतात, आणि घोटाळ्याला सुरुवात तेथूनच होते.

संचाचाही इतिहास थोडासा ध्यानात घ्यावा लागतो. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. त्या काळचा संच हे एक फर्निचरच होते. त्याला स्वतःचे पाय असत, पुढे सरकते लाकडी दरवाजे असत, आणि ते कुलूपबंदही करीत. आतील काचेची नळी मागे लांबवर निमुळती होत गेलेली असल्यामुळे संचाला खोली फार होती. मोठ्या पडद्याचा संच चाळीस किलोच्याही पुढे जाई. असला संच भिंतीला टांगण्याची कल्पना कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. द्रवस्फटिकांचा सपाट पडदा आला तेव्हा ही खोली नाहीशी झाली. आज ५५ इंची, म्हणजे कर्णावर सुमारे १४० सेंटिमीटर भरणारा संच, साधारणपणे पंधरा ते अठरा किलो वजनाचा असतो. वजन उतरले, पण ते जमिनीवरून भिंतीवर आले, आणि जबाबदारी लाकडी पायांकडून चार स्क्रूंकडे गेली.

आता हे चार स्क्रू प्रत्यक्षात कोणते काम करतात ते पाहिले म्हणजे निम्मा निर्णय आपोआप होतो. पुष्कळांची अशी समजूत असते की, अठरा किलोचा संच म्हणजे भिंतीवर अठरा किलोचा भार, आणि एवढा भार कोणतीही भिंत पेलील. खाली ओढणाऱ्या भाराविषयी हे बहुतांशी खरे आहे. परंतु संच भिंतीत रुतलेला नसतो. तो भिंतीच्या पुढे असतो, आणि म्हणून चौकटीच्या खालच्या कडेवर टेकून तो पुढे कलंडू पाहतो. वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर उपटण्याचे काम हा कल करीत असतो. हे बळ किती, याचा हिशेब शाळेतल्या तरफेच्या नियमानेच करता येतो. चौकट भिंतीला चिकटून बसणारी असेल, तर संचाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून साधारण सहा सेंटिमीटर पुढे येतो. वरचे स्क्रू आणि चौकटीची खालची कड यांत वीस सेंटिमीटर अंतर धरले, तर अठरा गुणिले सहा, भागिले वीस, म्हणजे अवघे साडेपाच किलो उपटबळ दोन्ही वरच्या स्क्रूंवर मिळून पडते. हे काहीच नव्हे.

आता तोच संच पुढे ओढता येणाऱ्या, कोपरासारख्या वाकणाऱ्या हातावर लावला आणि तो हात पन्नास सेंटिमीटर बाहेर काढला, असे समजू. हिशेब तोच, पण उत्तर पंचेचाळीस किलो येते, आणि त्यात त्या लोखंडी हाताचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. घरात लहान मूल असेल तर आणखी एक पायरी पुढे जावे लागते. पंधरा किलो वजनाच्या मुलाने खुर्चीवर चढून संचाची कड धरली आणि पाय सोडले, तर बाहेर काढलेल्या हाताच्या बाबतीत वरच्या स्क्रूंवरील ओढ ऐंशी किलोंच्या वर जाते. चिकटून बसलेल्या चौकटीच्या बाबतीत ती बारा किलोंच्याही आत राहते. एकच संच, एकच मूल आणि एकच भिंत, पण धोक्यात सातपट अंतर. भिंतीवर संच लावणे हे काम सोपे की अवघड, असा सरसकट प्रश्न विचारण्यात म्हणूनच फारसे तथ्य नाही. चौकट कोणती, हे आधी विचारावयास हवे.

दुसरा प्रश्न भिंतीचा, आणि खरी गुंतागुंत येथे आहे. व्हाइटफील्डच्या एकाच रस्त्यावर चार-पाच प्रकारच्या भिंती सापडतात. जुन्या घरांतून भाजलेल्या विटा. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या बांधकामांत सिमेंट-काँक्रीटचे भरीव ठोकळे, जे बंगळुरात फार वापरले जातात; सहा इंची बाहेरच्या भिंतीला आणि चार इंची आतल्या भिंतीला. काही ठिकाणी तेच ठोकळे पोकळ असतात. अगदी अलीकडच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतून केलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती आढळतात. आणि पुष्कळ इमारतींतून आतल्या भिंती ‘एएसी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात.

या हलक्या ठोकळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण घरमालकाला तो बहुधा अपरिचित असतो. योहान आक्सेल एरिक्सन या स्वीडिश वास्तुविशारदाने १९२०-३० च्या दशकात तो शोधून काढला. वाळू किंवा औष्णिक वीजकेंद्रातील राख, चुना, सिमेंट आणि पाणी यांच्या रबडीत ॲल्युमिनियमची पूड चिमूटभर टाकली की रासायनिक क्रियेने हायड्रोजन वायू सुटतो आणि इडलीचे पीठ फुगावे तशी ती रबडी फुगते. मग तिचे ठोकळे कापून दाबाच्या वाफेत शिजवितात. असा ठोकळा वीटकामाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचा भरतो. पाण्यात टाकला तर तरंगतो. इमारतीचा भार हलका होतो, बांधकाम झपाट्याने चालते, राखेचाही सदुपयोग होतो. तात्पर्य, बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा ठोकळा गुणी आहे. पण त्याची दाब सोसण्याची शक्ती तीन ते चार न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढीच असते. इमारतीच्या खांबांतील काँक्रीटची ती पंचवीस किंवा त्याहून अधिक असते. विटेसाठी बनविलेली प्लॅस्टिकची गिट्टी या ठोकळ्यात बसविली आणि स्क्रू आवळला, तर गिट्टी फुगते खरी, पण तिच्या दाबाने आजूबाजूचे बुडबुडे चिरडून पीठ होते. त्या दिवशी स्क्रू घट्ट वाटतो. हात पुढे ओढण्या-ढकलण्याच्या रोजच्या हालचालीने पुढे काही महिन्यांत तो सैल होतो, आणि तोपर्यंत संच लावणारा माणूस कोठल्या कोठे गेलेला असतो.

भिंत कोणती हे ओळखण्याची रीत सोपी आहे. बोटाच्या पेराने ठोकले असता काँक्रीटचा आवाज ठोस येतो, पोकळ ठोकळ्याचा किंवा जिप्समच्या तक्त्याचा डमडम असा येतो. पण आवाजावर विसंबू नये. संचामागे झाकली जाईल अशा जागी, आत तार अगर नळ नाही याची खात्री करून घेऊन, एक बारीक भोक पाडून बाहेर येणारी भुकटी पाहणे हा खात्रीचा उपाय. प्रथम निघणारी भुकटी भिंतीची नव्हे, गिलाव्याची असते. गिलावा बारा-पंधरा मिलिमीटर जाड असतो आणि सगळ्या भिंतींवर तो एकसारखाच दिसतो, म्हणून निदान पंचवीस मिलिमीटर आत गेल्यावर जी भुकटी निघेल तीच विचारात घ्यावी. तांबडी असेल तर वीट. करडी, कणीदार असेल आणि गिरमिट कष्टाने चालत असेल तर भरीव ठोकळा किंवा काँक्रीट. पांढुरकी, पिठासारखी मऊ, आणि पाते लोण्यात शिरावे तसे आत जात असेल तर हलका ठोकळा. चार-पाच सेंटिमीटरच्या आतच पाते एकदम पुढे धसले तर पलीकडे पोकळी आहे असे समजावे. सर्वांत सोपा मार्ग अर्थात् निराळाच आहे : इमारतीच्या व्यवस्थापकाकडे नकाशे असतात, त्याला विचारावे. आश्चर्य असे की, हजारो रुपयांचा संच घेणारा गृहस्थ हा एक फुकटचा प्रश्न विचारीत नाही.

गिट्टीचा उल्लेख आला आहे, तर तिच्याविषयीही दोन शब्द. भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या या नळीला ‘रॉल प्लग’ हे नाव जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदारावरून मिळाले. १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची साधने बसविण्याचे काम त्याच्याकडे आले होते, आणि त्यासाठी त्याने तागाच्या धाग्यांची गिट्टी तयार केली. आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ साली ती नायलॉनची केली. आज हलक्या ठोकळ्यासाठी, पोकळ भिंतीसाठी, काँक्रीटसाठी अशा निरनिराळ्या गिट्ट्या आणि बोल्ट मिळतात. परंतु संचाबरोबरच्या पुडीत येणारी गिट्टी पुष्कळदा एकाच जातीची असते, आणि ती वीट व काँक्रीट यांच्यासाठी असते. व्हाइटफील्डच्या नव्या घरात ती पुडी तशीच वापरणे हे घोंगड्याच्या दाभणाने मलमल शिवण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न भिंतीच्या पोटात काय आहे याचा. हल्लीच्या घरांतून विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ भिंतीत गाडलेले असतात. नियम असा की, तारांची नळी खटक्याच्या किंवा प्लगच्या पेटीपासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी जाते. म्हणून या पेट्यांच्या उभ्या-आडव्या रेषांत भोक पाडू नये, असे सांगितले जाते. परंतु दूरचित्रवाणीच्या बाबतीत गंमत अशी की, बांधणाऱ्याने तिच्यासाठी प्लग ठेवलेला असतो तो नेमका त्याच जागी, जेथे संच लावावयाचा. अर्थात् तारांची नळीही तेथेच येऊन संपते. यावर उपाय एकच. मुख्य खटका बंद करून प्लगची झाकणपट्टी उघडावी आणि नळी पेटीत वरून शिरते, खालून की बाजूने, ते पाहावे. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर असेल, तर नळांचाही विचार करावा. चार इंची भिंतीत सात सेंटिमीटरहून खोल भोक पाडले तर पलीकडच्या फरश्याही निखळण्याचे भय असते.

विजेच्या कामात कायद्यानेही एक रेघ आखून ठेवलेली आहे. दिवा, पंखा, खटका असल्या वस्तू बदलणे घरमालकाला मोकळे. पण विद्युत् मांडणीत भर घालणे किंवा फेरफार करणे हे परवानाधारक कंत्राटदाराचेच काम, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ४५ व्या नियमाने घातला होता, आणि त्या नियमांची जागा घेणाऱ्या पुढील विनियमांतही तो राहिला. तेव्हा संच लावणे हा घरगुती उद्योग झाला, तरी त्याच्यामागे नवा प्लग काढणे किंवा भिंत खोदून तार आत घालणे हा नव्हे. तेथे वायरमनच हवा.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे यावे. भिंत विटेची किंवा भरीव ठोकळ्याची, चौकट चिकटून बसणारी, संच त्रेचाळीस इंचांच्या आसपासचा, आणि घरात धडधाकट अशी दोन माणसे असतील, तर हे काम स्वतः करण्यास काहीच हरकत नाही. किंबहुना ते स्वतः केलेलेच बरे, कारण स्वतःच्या भिंतीत घाई करण्याचे घरच्या माणसाला कारण नसते. पुरुषानेच करावयाचे हे काम आहे असेही नाही. त्याला बळापेक्षा मापाची आवश्यकता अधिक आहे. भिंत हलक्या ठोकळ्याची असून चौकट साधी असेल, तर त्या जातीच्या गिट्ट्या आणून आणि आघात न करता नुसते गिरमिट फिरवून काम होऊ शकते. पण प्रथमच करणाऱ्याने हा प्रयोग करू नये. अखंड काँक्रीटच्या भिंतीत घरगुती यंत्राचा निभाव लागत नाही, आणि मध्ये लोखंडी सळई लागली तर ती कापण्याचा हट्ट न धरता भोकाची जागा बदलण्याचे तारतम्य लागते. आणि पुढे येणारा हात हलक्या ठोकळ्यावर किंवा जिप्समच्या तक्त्यावर लावावयाचा असेल, तर अनुभवी सुतार बोलवावा. आणि त्यानेही तो थेट भिंतीवर न लावता अठरा मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा रुंद तक्ता अनेक ठिकाणी भिंतीशी पक्का करून, ओढ त्यावर वाटून द्यावी.

परंतु कारागीर बोलाविला म्हणजे जबाबदारी संपली, ही समजूत काही खरी नव्हे. कंपनीकडून येणाऱ्या माणसाला दिवसभरात अनेक घरे करावयाची असतात. त्याच्या पिशवीत एकच गिरमिट आणि एकाच मापाच्या गिट्ट्या असतात. तो वाईट असतो असे नव्हे. भिंत कोणती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते एवढेच. मराठी गृहस्थाला कानडी येत नाही, कारागीर कदाचित् कर्नाटकाबाहेरून आलेला असतो, आणि दोघांचेही मोडकेतोडके हिंदी ‘हो जाएगा’ यापलीकडे जात नाही. वास्तविक कानडीतील ‘इट्टिगे’ आणि मराठीतील ‘वीट’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘इष्टका’ या एकाच शब्दापासून आलेले. भिंतीला ‘गोडे’ म्हणतात एवढे ठाऊक असले तरी संभाषणाला आरंभ होऊ शकतो. भिंत कशाची आहे, गिट्टी कोणती वापरणार, तार कोणत्या बाजूने येते, हे तीन प्रश्न भोक पाडण्यापूर्वी विचारावेत. ज्याला त्यांची उत्तरे देता येतात तो माहीतगार. ज्याला प्रश्नांचाच राग येतो त्याला चहा देऊन परत पाठवावे.

पैशाची बाजूही पाहावी लागते. चांगले गिरमिट-यंत्र आणि पाती यांना दोन-तीन हजार रुपये पडतात; कारागिराची मजुरी त्या मानाने बरीच कमी असते. वर्षाकाठी एकच भोक पाडणाऱ्याने यंत्र घेण्यात हशील नाही, शेजाऱ्याचे आणावे. मजुरी दिली तर पावती मात्र अवश्य घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीतून मोफत दिलेली सेवा वगळलेली आहे. ‘फुकट लावून देऊ’ असे दुकानदाराने सांगितले असेल, तर ते लावणे संचाच्या किमतीत धरलेले आहे अशी नोंद बिलावर करून घ्यावी. संच पडून फुटला तर जिल्हा आयोगापुढे हा एक ओळीचा मजकूर कामी येतो. हमीपत्रातही कंपनीच्याच माणसाकडून संच लावून घेण्याची अट आहे काय, हे पेटी उघडण्यापूर्वी वाचावे.

ज्याने स्वतः करावयाचे ठरविले, त्याने हे क्रमाने करावे. त्या खोलीचा खटका बंद करून गिरमिटासाठी वीज दुसऱ्या खोलीतून आणावी. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतात. पडद्याचा मध्य त्याच सुमारास, फार तर किंचित् वर ठेवावा. तसबिरीप्रमाणे संच छताजवळ टांगण्याची जी चाल पडली आहे, तिच्यामुळे मान दुखण्यापलीकडे काही साधत नाही. पाणसळ धरून रेघ आखावी, पात्याला खोलीच्या मापावर चिकटपट्टी लावावी, भोकातील भुकटी फुंकून काढावी, आणि गिट्टी गिलाव्यात न राहता पूर्ण भिंतीत जाईल हे पाहावे. चौकट बसल्यावर संच चढविण्याआधी तिला दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहावे. ती आत्ता हलली तर नुकसान फक्त गिलाव्याचे होते. संच उचलताना दोघांनी कडांना धरावे. पडद्याला बोटे लावू नयेत.

आणि भिंतीवर लावलाच पाहिजे असा संच तरी कोठे असतो? रुंद, बुटक्या मेजावर ठेवून मागच्या बाजूने एका पट्ट्याने भिंतीशी बांधलेला संच लहान मुलांच्या घरातही पुष्कळ सुरक्षित राहतो. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग आधी विचारात घ्यावा. बंगळुरात घरमालक अनामत रक्कम भरपूर घेतात, आणि घर सोडताना भिंतीतील भोकांचा हिशेब त्या रकमेतून होतो. करारपत्रात भोके पाडण्यासंबंधी काय लिहिले आहे ते पाहून, घरमालकाची लेखी संमती आधी घ्यावी. प्रवेशाच्या दिवशीच भिंतींची छायाचित्रे काढून ठेवावीत. घर सोडताना गिट्ट्या उपटून काढण्याच्या भरीस पडू नये, कारण तिच्याबरोबर गिलाव्याचा ढलपाही निघतो. गिट्टी किंचित् आत ठोकून वरून लांबी भरावी, वाळल्यावर घासावी, आणि त्याच रंगाचा एक हात द्यावा.